मदत हवी आहे: डेबियन १२ आणि १३ यांची सरमिसळ झाली आहे, मागे जावे की पुढे?

नमस्कार. ठाण्यात, नौपाड्यातील एका छोट्या अभ्यासिकेच्या संगणकाची देखभाल मी हौसेने करतो. संगणक देणगीत मिळालेला, चार जीबी रॅमचा. त्यावर डेबियन या लिनक्स प्रणालीची १२ वी आवृत्ती, म्हणजे बुकवर्म, दोन वर्षे विनातक्रार चालू होती. आता मात्र पॅकेजांचा (म्हणजे प्रोग्रामांच्या गठ्ठ्यांचा) असा गुंता झाला आहे की पुढची कमांड देण्याआधी जाणकारांना विचारलेले बरे. (कमांड येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहीत आहे.)

बुकवर्ममध्ये लिबरऑफिस या कार्यालयीन प्रोग्रामांच्या संचाची ७.४ ही आवृत्ती मिळते. अभ्यासिकेत येणाऱ्या एका मुलाची फाइल त्यात नीट उघडेना, म्हणून मी सोर्सेस डॉट लिस्टमध्ये, म्हणजे पॅकेजे कुठून आणायची त्या पत्त्यांच्या फाइलमध्ये, ट्रिक्सीची, म्हणजे डेबियन १३ ची, एक ओळ घातली, 'एपीटी अपडेट' (एपीटी म्हणजे पॅकेजे आणून बसवणारा प्रोग्राम) केले आणि 'एपीटी इन्स्टॉल लिबरऑफिस' ही कमांड दिली. पडद्यावर पॅकेजांची लांबलचक यादी आली. ती न वाचताच मी 'वाय' दाबले. डाउनलोड पूर्ण होऊन पॅकेजे उलगडली जात असताना वीज गेली, आणि यूपीएसची बॅटरी केव्हाच निकामी झालेली असल्यामुळे संगणकही त्याच क्षणी बंद पडला.

वीज आल्यावर एपीटीने कोणतेही काम करण्यास नकार दिला; डीपीकेजीचे, म्हणजे एपीटीच्या हाताखाली पॅकेजे प्रत्यक्ष बसवणाऱ्या प्रोग्रामचे, काम मध्येच तुटले आहे, आधी 'डीपीकेजी कॉन्फिगर' ही कमांड सर्व पॅकेजांसाठी चालवा, असे त्यानेच सुचवले. 'डीपीकेजी एल'च्या यादीत बहुतेक ओळींच्या सुरुवातीला 'आय-आय', म्हणजे नीट बसलेले, होते, पण काही ओळींपुढे 'आय-यू', म्हणजे उलगडलेले पण बसवणे बाकी असलेले, असे दिसत होते. सुचवलेली कमांड चालवल्यावर त्या सर्व ओळी सुधारल्या आणि नवे लिबरऑफिसही उघडू लागले. मग मी ट्रिक्सीची ओळ काढून टाकली आणि प्रकरण मिटले असे समजून घरी गेलो.

खरी अडचण मागच्या आठवड्यात कळली. अभ्यासिकेच्या जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर संगणकावरच कंपाइल करावा, म्हणजे मूळ कोडपासून बनवावा लागतो, त्यासाठी 'बिल्ड-इसेन्शियल' हे साधनांचे पॅकेज हवे आहे, आणि ते बसतच नाही. त्यासाठी लागणाऱ्या लिबसी-६-डेव्ह या पॅकेजला लिबसी-६ या मूलभूत लायब्ररीची नेमकी २.३६ हीच आवृत्ती हवी आहे, पण संगणकावर २.४१ आहे, असा त्या संदेशाचा मथितार्थ आहे. 'एपीटी फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' करून पाहिले; त्याच्या मते दुरुस्त करण्यासारखे काहीच नाही.

माझा प्रश्न असा आहे की लिबसी-६ पुन्हा २.३६ वर आणता येईल का, आणि येत असेल तर ते करावे का? इंटरनेट माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून वापरतो आणि दिवसाला दीड जीबीचीच मर्यादा आहे, हेही कृपया लक्षात घ्यावे.

प्रतिसाद १

होम फोल्डरची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या आणि डेबियन नव्याने टाका. एका दुपारचे काम आहे. गुंता सोडवत बसण्यात अर्थ नाही.

धागाकर्ता

सूचनेबद्दल आभार. तो मार्ग शेवटचा म्हणून ठेवला आहे. या संगणकावर मुलांची स्वतंत्र खाती आणि वेळेची मर्यादा घालणाऱ्या काही सेटिंग्ज आहेत, आणि त्या कोणी व कशा केल्या याची नोंद माझ्याकडे नाही. शिवाय नेमके काय चुकले हे समजले नाही, तर हीच चूक मी नव्या डेबियनवरही करीन.

प्रतिसाद २

आधी काय चुकले ते सांगतो. सोर्सेस डॉट लिस्टमध्ये दोन्ही आवृत्त्यांच्या ओळी असल्या आणि वेगळे काही सांगितलेले नसले, तर एपीटी दोन्हींना ५०० असे सारखेच प्राधान्य देते, आणि सारख्या प्राधान्यात मोठ्या क्रमांकाची आवृत्ती निवडते. त्यामुळे लिबरऑफिस ट्रिक्सीतून आले. ते नव्या लिबसी-६ वर बांधलेले असल्याने तेही सोबत आले. संगणकावरचा जवळपास प्रत्येक प्रोग्राम याच पॅकेजावर उभा असतो; घराची खिडकी बदलायला गेलात आणि पायाचा दगड बदलून आलात, असे ते झाले.

ओळ काढल्याने हे उलटत नाही. 'एपीटी पॉलिसी लिबसी-६' चालवून पाहा. २.४१ च्या ओळीपुढे तीन तारे दिसतील, म्हणजे हीच आवृत्ती बसलेली आहे. पण तिच्याखाली कोणत्याही रिपॉझिटरीचा (पॅकेजांच्या ऑनलाइन साठ्याचा) पत्ता नसेल, फक्त डीपीकेजीच्या स्टेटस फाइलचा उल्लेख आणि १०० हा आकडा असेल. २.३६ चे प्राधान्य ५०० असूनही एपीटी ती घेत नाही, कारण प्राधान्य १००० किंवा त्याहून वर नेल्याखेरीज एपीटी आपण होऊन कोणतेही पॅकेज मागच्या आवृत्तीवर नेत नाही.

१००१ चे पिन, म्हणजे ठरवून दिलेले प्राधान्य, लावून लिबसी-६ मागे ओढता येईल, पण मी ते करणार नाही. पॅकेजांच्या स्क्रिप्ट पुढे जाण्यासाठी लिहिलेल्या असतात, आणि मागे जाण्याची हमी डेबियन देत नाही. ट्रिक्सीतून आलेली बाकीची पॅकेजे २.४१ च्या भरवशावर आहेत. तीही सगळी एकाच वेळी मागे आणावी लागतील, आणि मध्येच काही बिनसले तर फाइलींची यादी दाखवणारी साधी 'एलएस' कमांडसुद्धा चालणार नाही.

ट्रिक्सीची ओळ परत घालून फक्त लिबसी-६-डेव्ह आणावे, असा मोह होईल. प्रिंटर कदाचित चालूही होईल. पण आजच्या स्थितीतला मोठा दोष प्रिंटरचा नाहीच. तुमच्याकडे ट्रिक्सीतून आलेल्या एकाही पॅकेजाला सध्या सुरक्षा अपडेट मिळत नाहीत: ट्रिक्सीची रिपॉझिटरी यादीत नाही आणि बुकवर्ममधले अपडेट क्रमांकाने लहान पडतात. लहान मुले इंटरनेटसाठी वापरतात त्या संगणकाबाबत मला हे अधिक काळजीचे वाटते.

म्हणून माझे मत पुढे जाण्याचे आहे. ट्रिक्सी ९ ऑगस्ट २०२५ रोजी स्थिर म्हणून प्रसिद्ध झाली आहे, तेव्हा हा काही अर्धवट आवृत्तीवर जाण्याचा प्रयोग नाही. मात्र त्याआधी 'डीपीकेजी प्रिंट-आर्किटेक्चर' ही कमांड द्या आणि उत्तर येथे लिहा. 'एएमडी-६४', म्हणजे ६४ बिटांची प्रणाली, आले तर पुढचे बोलू. 'आय-३८६' आले तर थांबा, कारण डेबियन १३ मध्ये आय-३८६ प्रकारच्या ३२ बिटांच्या संगणकासाठी ना इन्स्टॉलर आहे ना कर्नल (प्रणालीचा गाभा).

धागाकर्ता

उत्तर 'एएमडी-६४' आले. पॉलिसीचे चित्रही आपण वर्णन केले तसेच आहे, तीन ताऱ्यांसकट. 'एपीटी लिस्ट इन्स्टॉल्ड'मध्ये 'लोकल' असा शिक्का असलेली ४१ पॅकेजे सापडली. रिपॉझिटरीत त्यांची ती आवृत्ती नाही असा त्याचा अर्थ मी घेतला आहे.

प्रतिसाद २

अर्थ बरोबर आहे. आता सोर्सेस डॉट लिस्टमध्ये जिथे जिथे बुकवर्म असेल तिथे ट्रिक्सी करा. सुरक्षा अपडेटची ओळ विसरू नका, आणि बाहेरच्या कोणा कंपनीची रिपॉझिटरी असेल तर ती तूर्त बंद ठेवा. 'एपीटी अपडेट' झाल्यावर 'एपीटी फुल-अपग्रेड'ला 'डाउनलोड-ओन्ली' जोडून चालवा. यात काहीही बसवले जात नाही, फाइली फक्त कॅशमध्ये साठतात. दिवसाचा डेटा संपला की कंट्रोल-सी दाबा आणि दुसऱ्या दिवशी तीच कमांड पुन्हा द्या. उतरलेल्या फाइली पुन्हा उतरवल्या जात नाहीत.

सगळे उतरल्यावर, आणि यूपीएसची नवी बॅटरी बसल्यावरच, आधी 'एपीटी अपग्रेड विदाउट-न्यू-पॅकेजेस' आणि मग 'एपीटी फुल-अपग्रेड' चालवा. काढून टाकल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी या वेळी मात्र शेवटपर्यंत वाचा. वीज पुन्हा गेलीच तर दोन कामे एकाच वेळी होऊ नयेत म्हणून असलेली लॉकची फाइल हाताने पुसण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिसेल, तो मानू नका. डीपीकेजी कॉन्फिगर तुम्हाला आता माहीत आहेच.

प्रतिसाद ३

वरील मार्गदर्शन योग्य आहे. एक भर घालतो: नवे लिबरऑफिस हवे असेल तेव्हा आधी बॅकपोर्ट्स या डेबियनच्याच वेगळ्या रिपॉझिटरीत शोधावे. तेथील पॅकेजे त्याच डेबियनसाठी पुन्हा बांधलेली असतात, आणि त्या रिपॉझिटरीचे प्राधान्य १०० असल्यामुळे आपण नाव घेऊन मागितल्याशिवाय तेथून नवे काही येत नाही.

धागाकर्ता

उत्तर द्यायला चार दिवस लागले, त्यांतले दोन डाउनलोडमध्ये आणि एक बॅटरी मिळवण्यात गेला. काल संध्याकाळी मुले गेल्यावर दोन्ही कमांड चालवल्या. काढायच्या यादीतली नावे वहीत उतरवून घेतली. आवश्यक वाटावे असे त्यांत एकही नव्हते. मधे एका कॉन्फिगरेशन फाइलबाबत जुनी ठेवू की नवी घेऊ असा प्रश्न आला. ती वेळेच्या मर्यादेची फाइल होती, म्हणून जुनी ठेवली. 'लोकल' शिक्क्याचे एकही पॅकेज आता उरलेले नाही, बिल्ड-इसेन्शियल बसले, ड्रायव्हर कंपाइल झाला आणि प्रिंटरवर चाचणीचे पान निघाले.

एकच शंका आहे. 'एपीटी ऑटोरिमूव्ह' ही आता गरज नसलेली पॅकेजे काढणारी कमांड अनेक पॅकेजे काढू म्हणते आणि त्यांत ६.१ कर्नल आहे. काढू द्यावा का?

प्रतिसाद २

संगणक एकदा रीस्टार्ट करून चालू कर्नलचा क्रमांक दाखवणारी 'यूनेम आर' ही कमांड देऊन पाहा. ६.१२ दिसले आणि नेट, आवाज व प्रिंटर चालत असले, तर काढू द्या. ६.१ दिसले तर मात्र हात लावू नका आणि येथे कळवा.

धागाकर्ता

६.१२ दिसले. तरीही आठवडाभर जुना कर्नल राहू देतो, डिस्कवर जागा आहे.