मदत हवी आहे: व्हीआरएस २३० चा डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) स्लिप होतोय, क्लच पॅक (क्लचच्या प्लेट्सचा संच) बदलू की नुसता टीसीयू (गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर) रिमॅप करू?

नमस्कार मंडळी,

पुण्यात असतो, माझ्याकडे २०१८ ची स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० आहे, दोन लिटर टीएसआय पेट्रोल आणि सहा गिअरचा ओल्या (ऑईलमध्ये चालणाऱ्या) क्लचचा डीएसजी, म्हणजे डीक्यू२५०. गाडी ७२ हजार किमी चाललीये, गिअरबॉक्सचं ऑईल नि फिल्टर ६० हजारला वेळेवर बदललंय, बिल जपून ठेवलंय. कंपनीतून गाडी २३० एचपी आणि ३५० एनएम देते. दिवाळीच्या आसपास इंजिनाचा स्टेज १ रिमॅप (फक्त सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) करून घेतला, ट्यूनरच्या शीटप्रमाणे टॉर्क आता ४३० च्या घरात आहे, आणि खरं सांगतो गाडी इतकी सुंदर पळते की मला ते परत काढायचं नाहीये, त्यामुळे "स्टॉक करून टाक" हा सल्ला कृपया नको.

आता प्रॉब्लेम. चौथ्या गिअरला आरपीएम दोन-सव्वादोन हजार असताना पाय पूर्ण दाबला की काटा झटकन चार-पाचशेने वर उडतो पण गाडी तेवढी ओढत नाही, क्षणभराने पकडते आणि मग जोरात पळते. सकाळी थंड असताना काहीच नाही. खोपोलीकडून घाट चढून आलो, ऑईल चांगलं तापलं, की मग हे सुरू होतं. सहाव्यालाही जाणवतं. गिअर शिफ्ट एकदम मऊ आहेत, झटके नाहीत, डॅशवर लाईट नाही, स्कॅन केलं तर कोडही नाही. गाडी रोज ऑफिसला जाते, ट्रॅकवर नेत नाही, महिन्यातून एखादवेळी साताऱ्याला घरी.

दोन ठिकाणी दाखवली. इथलं एक वर्कशॉप फक्त फोक्सवॅगन ग्रुपच्याच गाड्या करतं, ते म्हणाले ३५० च्या हिशोबाचा क्लच ४३० ला टिकणार नाही, सरळ बाहेरचे वाढीव क्षमतेचे क्लच पॅक टाका आणि सोबत टीसीयू रिमॅप, सगळं मिळून अडीच-तीन लाख. मुंबईतल्या दुसऱ्यांनी गाडी चालवून बघितली आणि म्हणाले आधी फक्त टीसीयू करू, क्लॅम्पिंग प्रेशर (क्लच दाबून धरणारं प्रेशर) वाढवलं की बहुतेक थांबेल, खर्च पाऊण लाखाच्या आत. दोघंही माहीतगार वाटले, म्हणून जास्तच गोंधळ झालाय. अडीच लाख माझ्यासाठी मोठी रक्कम आहे, द्यायची तयारी आहे पण विनाकारण नाही. उलट स्वस्तातलं करून प्लेट्स जळाल्या आणि तो कचरा ऑईलमधून मेकाट्रॉनिकमध्ये (गिअरबॉक्स चालवणारं व्हॉल्व्ह-इलेक्ट्रॉनिक्सचं युनिट) गेला तर अजून मोठा खर्च, ती भीती वेगळीच.

ज्यांनी हे काम करून घेतलंय त्यांनी प्लीज सांगा, निर्णय कशावरून घेतला? आणि वर्कशॉपला हे काम खरंच येतं का हे ओळखायला काय विचारावं?

प्रतिसाद (कोल्हापूर):
भावा, पहिलं हे सांग, तिसऱ्या आणि पाचव्याला असं होतंय का? डीक्यू२५० मध्ये एकात एक बसवलेले दोन क्लच असतात. बाहेरचा मोठा के१, तो पहिला, तिसरा, पाचवा आणि रिव्हर्स सांभाळतो. आतला लहान के२, त्याच्याकडं दुसरा, चौथा, सहावा. तू चौथा नि सहावाच लिहिलायस म्हणजे के२ वर संशय जातोय. चांगल्या रस्त्यावर मॅन्युअल मोडमध्ये तिसऱ्याला तसाच पूर्ण पाय देऊन बघ.

दुसरं म्हणजे क्लच किती जोरात दाबून धरायचा हे टीसीयू इंजिनाच्या ईसीयूनं (इंजिनाचा कॉम्प्युटर) सांगितलेल्या टॉर्कवरनं ठरवतंय. काही रिमॅपमध्ये गिअरबॉक्सचा टॉर्क लिमिटर मध्ये येऊ नये म्हणून ईसीयू टॉर्क कमीच सांगतंय. मग इंजिन देतंय ४३० आणि गिअरबॉक्स धरून बसलाय कमी टॉर्कच्या हिशोबानं. असला क्लच चांगला असून पण घसरणार की! तुझ्या ट्यूनरला हे सरळ विचार आणि कुणालाही पैसे द्यायच्या आधी व्हीसीडीएसवर (फोक्सवॅगन ग्रुपच्या गाड्या स्कॅन करायचं सॉफ्टवेअर) लॉग काढ, इंजिन आरपीएम, दोन्ही इनपुट शाफ्टचे आरपीएम, क्लच प्रेशर आणि ऑईल टेम्परेचर एकत्र. प्रेशर कमी दिसलं तर टीसीयूनं काम भागेल. प्रेशर भरपूर असून पण इंजिन पुढं नि शाफ्ट मागं, तर प्लेट्स गेल्या, मग रिमॅपवर पैसे घालू नको.

प्रतिसाद (बर्मिंगहॅम):
वरच्यांशी शंभर टक्के सहमत. माझी मार्क ६ गोल्फ जीटीआय आहे, हाच गिअरबॉक्स, क्लच पॅक इकडच्या स्पेशालिस्टकडून करून घेतले, डॉडसन कंपनीचं किट टाकलं, समाधानी आहे. तुम्ही वर्कशॉपची परीक्षा कशी घ्यावी एवढंच लिहितो. गिअरबॉक्स पूर्ण उतरवल्याशिवाय क्लच निघत नाही. नवीन बसवताना डायल गेजने खेळ मोजून त्या मापाची सर्क्लिप (क्लच जागेवर धरणारी रिंग) निवडावी लागते, जुनीच परत ठोकून बसवत असतील तर तिथून निघा. पुढचं क्लच कव्हर नवीनच लागतं, त्याचं सील गळलं तर सगळं परत उतरवा. ऑईलची लेव्हल इंजिन चालू ठेवून, ऑईल ३५ ते ४५ अंशांत असताना बघतात, "पाच लिटर ओतलं की झालं" असं नसतं. शेवटी टीसीयूला नवा क्लच ओळखता यावा म्हणून बेसिक सेटिंग्ज आणि अडॅप्टेशनची ड्राईव्ह. हे चारही मुद्दे त्यांनी तुम्ही न विचारता सांगितले तर बिनधास्त गाडी द्या. आणि काढलेल्या प्लेट्स स्वतः बघा, काळ्यानिळ्या झाल्या असतील तर फिल्टरही कापून बघायला सांगा.

धागाकर्ता:
दोघांचे मनापासून आभार, के१-के२ चं गणित मला कोणीच सांगितलं नव्हतं. आज सकाळी ऑईल तापवून तिसऱ्याला पूर्ण पाय देऊन बघितलं, काटा अजिबात उडाला नाही, पाचव्यालाही नाही. म्हणजे के२ च. ट्यूनरला टॉर्कबद्दल मेसेज केलाय, उत्तर यायचंय. माझ्याकडे व्हीसीडीएसची केबल नाही, पुण्यात कोथरूड-बाणेरकडे कोणाकडे असेल आणि रविवारी तासभर देऊ शकत असेल तर फार उपकार होतील, पेट्रोल-नाश्ता माझ्याकडे.

अजून एक शंका, गिअरबॉक्स उतरवलाच तर ड्युअल मास फ्लायव्हीलही (इंजिनाचे झटके शोषणारं दोन भागांचं चाक) त्याच वेळी बदलावं का? सकाळी न्यूट्रलला हलका खडखड येतो, डी ला टाकलं की जातो. हे फ्लायव्हीलचंच असेल का, की अजून काही तपासून घेऊ?