'पीसकीपिंग'ला मराठीत काय म्हणायचं?

शीवकर:
मंडळी, जरा अडलोय. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी आम्ही चालू घडामोडींची एक मासिक पुस्तिका काढतो. तिच्यासाठी एका खासदाराचं लोकसभेतलं इंग्रजी भाषण मराठीत आणतोय. भाषण लहानच आहे. आशय असा की देशाची सुरक्षा सीमेवरच्या चौकीपासून सुरू होत नाही. शेजारी शांत असले तर निम्मं काम तिथेच झालं. मग शेजाऱ्याच्या घरात आपण कुठवर शिरायचं, हे सभागृहाने आधी ठरवावं.

'नॅशनल सिक्युरिटी'ला 'राष्ट्रीय सुरक्षा' लिहून मोकळा झालो. 'रीजनल पीसकीपिंग'ला, म्हणजे आसपासच्या देशांत शांतता टिकावी म्हणून तिथे सैन्य पाठवण्याला, 'प्रादेशिक शांतता राखणे' लिहिलं आणि मान वर केली, तर समोर वाचनालयाच्या भिंतीवर लाल अक्षरांत 'शांतता राखा'. पाटीखालच्या बाकावर एक आजोबा पेपर तोंडावर घेऊन घोरत होते. लिहिलेलं खोडलं.

जुना उपसंपादक:
खोडलंत ते बरं केलंत. 'शांतता राखा' म्हणजे आपल्याकडे 'आवाज करू नका'. 'राखणे' वाईट नाही हो, शेत राखतात, मर्जी राखतात, अब्रू राखतात. पण शांततेच्या पुढे ते आलं की इस्पितळ नाहीतर ग्रंथालय डोळ्यांपुढे येतं.

आमच्या डेस्कवर १९८७ साली हा प्रश्न एका दुपारीत सुटला होता. २९ जुलैला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांचा करार झाला, आपलं सैन्य श्रीलंकेत उतरलं आणि इंडियन पीस कीपिंग फोर्सची झाली 'शांतिसेना'. मधलं 'कीपिंग' गळालं ते गळालंच. कुणी विचारलंही नाही.

गंमत म्हणजे शब्द नवा नव्हताच. विनोबांनी १९५७ मध्ये केरळात शांतिसेना उभी केली होती. कल्पना मूळ गांधीजींची. शांतिसैनिक म्हणजे दंगलीत दोन जमावांच्या मध्ये रिकाम्या हातांनी जाऊन उभा राहणारा माणूस. तीस वर्षांनी तेच नाव रणगाडे घेऊन जाफन्यात गेलं. आमच्यातला एक सर्वोदयी मुद्रितशोधक प्रत्येक वेळी तो शब्द आला की पेन्सिल खाली ठेवायचा. बोलायचा नाही काही.

तारणहार:
'राष्ट्रीय सुरक्षा' लिहून मोकळे झालात, पण सिक्युरिटी हा शब्द इतका सरळ नाही. बँकेत आमच्यासाठी सिक्युरिटी म्हणजे तारण. दलाल स्ट्रीटवर रोखे. घरमालकाकडे अनामत. आणि आमच्या सोसायटीच्या गेटवर खुर्चीत बसलेला माणूस हाच 'सिक्युरिटी'. "सिक्युरिटी झोपलाय" हे वाक्य मुंबईत रोज रात्री कुठे ना कुठे बोललं जातं.

'सुरक्षा' की 'संरक्षण', हे कोणी सांगेल का? डिफेन्स मिनिस्टर तो संरक्षणमंत्री, मग सिक्युरिटी अॅडव्हायझर 'सुरक्षा सल्लागार' का?

जुना उपसंपादक:
ढोबळमानाने संरक्षण ही कृती आणि सुरक्षा ही स्थिती. संरक्षण करतात, सुरक्षा असते किंवा नसते. आता लगेच कोणी म्हणेल की 'पोलीस संरक्षण' आणि 'झेड दर्जाची सुरक्षा' यांत फरक काय? काही नाही. भाषा अशीच चालते. पण शीवकरांच्या खासदारांचं म्हणणं नेमकं या फरकावरच उभं आहे असं मला वाटतं. संरक्षण फौजेने होतं, सुरक्षेला शेजारीही शांत लागतो. तेव्हा तिथे 'सुरक्षा'च ठेवा.

माहीमची वकील:
तुमचे 'सिक्युरिटी' आणि 'पीस' हे दोन्ही शब्द आमच्याकडे एकाच कलमात शेजारी शेजारी बसलेले आहेत. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०७ म्हणजे 'सिक्युरिटी फॉर कीपिंग द पीस'. जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेत तेच १२६ झालं. ('सुरक्षा' इथेही घुसलीच.) पण या कलमातली सिक्युरिटी म्हणजे बंधपत्र किंवा जामीन, आणि पीस म्हणजे गल्लीतली शांतता. मुंबईत याला कोणी कलमाच्या नावाने ओळखत नाही, 'चॅप्टर केस' म्हणतात, कारण जुन्या संहितेत हे आठव्या प्रकरणात होतं. निवडणूक आली, गणपती आले की चॅप्टरच्या नोटिसा निघतात. माझा एक अशील नोटीस घेऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, शांतता भंग करीन म्हणतात. अजून केली नाहीये."

तेव्हा 'शांतता राखणे' कायद्यात अगदी जिवंत आहे. फक्त ते कमरेला लाठी असलेल्या हवालदाराचं काम आहे.

शीवकर:
वकीलताई, मजा आली. चॅप्टरवरून आठवलं, संयुक्त राष्ट्रांतही हे चॅप्टरचंच भांडण आहे. सनदेच्या सहाव्या प्रकरणात तंटे सामोपचाराने मिटवायचे, सातव्यात बळ वापरायचं. पीसकीपिंग हा शब्द सनदेत कुठेच नाही. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस हॅमरशोल्ड त्याला 'साडेसहावं प्रकरण' म्हणायचे. आमच्या मुलांना हे हमखास विचारतात.

गिरगावकर:
कोणी 'प्रादेशिक'कडे बघतच नाहीये! प्रादेशिक म्हटलं की मला आधी ताडदेवचं आरटीओ दिसतं, म्हणजे प्रादेशिक परिवहन कार्यालय. मग प्रादेशिक पक्ष, प्रादेशिक असमतोल, विदर्भाचा अनुशेष. शिवाय 'प्रादेशिक सेना' म्हणजे टेरिटोरियल आर्मी. तुम्ही 'प्रादेशिक शांतिसेना' लिहा, निम्मी मुलं ती देवळालीला भरती होते असं समजतील. हा एकच शब्द आपण रीजनललाही वापरतो आणि टेरिटोरियललाही. 'प्रादेशिक अखंडता'मधला प्रदेश स्वतःचा, 'प्रादेशिक सहकार्य'मधला दुसऱ्यांचाही.

'क्षेत्रीय' मात्र आणू नका. ते हिंदीत ठीक आहे.

शीवकर:
मग 'दक्षिण आशियातील शांतिमोहिमांसाठी भारतीय सैन्य तैनात करणे' असं केलं तर?

गिरगावकर:
अरे बापरे. मोहीम! मोहीम म्हणजे घोड्यावर बसून मुलूख मारायला निघणं. पानिपतची मोहीम, कर्नाटकची मोहीम. लसीकरणामुळे तो शब्द जरा सोज्वळ झाला आहे हे खरं, पण पुढे सैन्य आलं की त्याची जुनी खोड जागी होते. 'कामगिरी' म्हणा. कामगिरीवर पाठवलेला माणूस काम संपलं की परत येतो.

आणि 'तैनात' तर मुळीच नको. वसईचा तह आठवा, ३१ डिसेंबर १८०२. दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज पदरात घेतली, किमान सहा हजार पायदळ, खर्चाला मुलूख तोडून दिला. तीही नावाला रक्षणासाठीच आली होती. आता बंदोबस्ताच्या बातमीत 'दोन हजार पोलीस तैनात' वाचून कोणाला बाजीराव आठवत नाही, मान्य. पण परक्या देशात गेलेली फौज आणि 'तैनात' एका वाक्यात आले की मराठी माणसाच्या कानाला ते लागतंच. किंवा मला तरी लागतं.

तारणहार:
पण खासदारांना नेमकं तेच म्हणायचं असेल तर? श्रीलंकेत शेवटी काय झालं? ज्यांच्यासाठी गेलो त्या तमिळांतल्याच वाघांशी, म्हणजे एलटीटीईच्या बंडखोरांशी लढलो, ११०० हून अधिक जवान गमावले, मार्च १९९० मध्ये परत आलो, आणि तोवर कोलंबोलाही आपण नकोसे झालो होतो. तिथल्यांच्या नजरेत ती तैनाती फौजच ठरली असणार.

जुना उपसंपादक:
असेल. पण ते खासदारांच्या तोंडी घालणं हे अनुवादकाचं काम नाही. अग्रलेख लिहा त्यावर, वेगळा.

एक जुनी आठवण देतो. १९५३ मध्ये कोरियात युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी आपली तुकडी गेली तिचं नेतृत्व थोरातांकडे होतं, आपल्या मेजर जनरल एस. पी. पी. थोरातांकडे. तिचं नाव 'कस्टोडियन फोर्स'. त्या नावात शांतीही नव्हती आणि सेनाही म्हणावी तर नव्हती. नाव कामाएवढंच ठेवलं होतं.

माहीमची वकील:
आणि भाषणाला इंग्रजीत 'रिमार्क्स' म्हटलं असेल, तर त्याला 'टिप्पणी' नका हो लिहू. फायलीवर असतो तो शेरा, न्यायाधीश मारतात ते ताशेरे, खासदार भाषण करतात.

शीवकर:
सगळ्यांचे आभार. अखेर असं केलं: 'शेजारी देशांत शांतता टिकवण्याच्या कामगिरीवर आपलं सैन्य पाठवायचं की नाही, हा राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न आहे.' 'रीजनल' विरघळलं, 'पीसकीपिंग'चं 'टिकवणे' झालं, आणि पुढे श्रीलंकेचा उल्लेख आहे तिथे 'शांतिसेना' तशीच ठेवली.

पुस्तिका काल छापून आली. 'शांतिसेना'तला ति कोणीतरी दीर्घ केला आहे. सातही ठिकाणी.

जुना उपसंपादक:
समासातलं पहिलं पद तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसंच्या तसं आलेलं, आणि मुळात ऱ्हस्वान्त असेल तर ते ऱ्हस्वच. पुढच्या अंकात चूकदुरुस्ती टाका.

गिरगावकर:
आणि चूकदुरुस्तीतला चू दीर्घच ठेवा म्हणावं.