खाजगीत घेतलेली जुनी पेटी (हार्मोनियम), आतला दोष नंतर कळला. परत करू की दुरुस्त?

संथलय
तीन आठवड्यांपूर्वी एका गृहस्थांच्या घरी जाऊन जुनी पेटी घेतली. दुकान नाही, मध्यस्थ नाही. सुरांचे, म्हणजे आतल्या पितळी जिभांचे, दोन संच, खर्ज (खालचा) आणि नर (त्याच्या वरचा). कपलर (खालच्या सप्तकातली पट्टी सोबत ओढणारी जोडणी) आहे, स्केल चेंजर (पट्ट्या सरकवून स्वर बदलायची सोय) नाही. त्यांनी स्वतः दहा मिनिटं वाजवून दाखवली, भरदार वाजली. आधी मेसेजवर मी विचारलं होतं, काही काम झालंय का? उत्तर आलं, "एकही सूर बदललेला नाही, आत हातसुद्धा लावलेला नाही."

आठवड्याभरात मधल्या सप्तकातली पांढरी चार (म्हणजे चौथी पांढरी पट्टी) सुरातून ढळायला लागली. धरून ठेवली की लाटा येतात, सेकंदाला पाच-सहा. कपलर काढला तर त्याच सप्तकातली काळी चार आणि पांढरी सहा अगदी दबक्या, आणि काळी चार दाबली की शेजारची पांढरी सहा बारीक कण्हते. भाता पूर्ण भरून, एकही पट्टी न दाबता सोडला, तर आठ सेकंदांत बसतो.

दुरुस्तीवर खरेदी किमतीच्या एक पंचमांशापेक्षा जास्त खर्च करणं मला शक्य नाही. मुलगी रोज एक तास रियाज करते, त्यामुळे पेटी महिनाभर बाहेर ठेवता येणार नाही. परत द्यावी का? दुरुस्त करावी तर नेमकं काय सांगावं?

काळीपाच
सगळे सूर बदलून टाका. मी माझ्या पेटीचे दोन्ही संच बदलले, भात्याचं चामडं नवीन घातलं, पट्ट्यांखालच्या कमानी बदलल्या. आज ती पेटी पाहिलेला प्रत्येक जण विचारतो, विकणार का. एकदाच खर्च होतो, पण आयुष्यभराचं काम होतं.

संथलय
काळीपाच, एक पंचमांश लिहिलंय. दोन्ही संच बदलायला पेटीच्या किमतीइतके पैसे जातील.

काळीपाच
मग अशी पेटी घ्यायलाच नको होती. राग मानू नका, कळकळीने सांगतोय.

तारेचा_कान
पेटीतलं मला कळत नाही, पण फसवणुकीतलं कळतं. मी व्हायोलिन घेतलं, खाजगीतच. आत छापील चिठ्ठी, स्ट्रादिव्हारीचं नाव, सतराशे काहीतरी साल. चिठ्ठीवर मी भुललो नव्हतो. स्ट्रादिव्हारी १७३७ साली वारला आणि त्याच्या नावाची चिठ्ठी कारखान्यातल्या असंख्य व्हायोलिनांत चिकटवलेली असते, हे मला ठाऊक होतं. मी फसलो ते पाठीला. आत साउंडपोस्ट नावाची काडी उभी असते, तिच्या बरोबर खाली पाठीच्या फळीत उभी चीर होती, वरून वॉर्निश फिरवलेलं. तिथली चीर म्हणजे व्हायोलिनाची किंमत कोसळलीच. कारागिराने आत छोटा आरसा घालून दाखवली तेव्हा हातपाय गार पडले. विकणारा म्हणाला, "तुम्हीच आपटलं असेल." परत द्या, एक दिवसही थांबू नका. जितका उशीर कराल तितकं "तुम्हीच केलं" म्हणणं त्याला सोपं.

गांधारप्रेमी
थांबा. पांढरी चार ढळली हे कशावरून ठरवलं? मोबाइलच्या ट्यूनरवरून? पेटी काळी एकला सा धरून नैसर्गिक गांधाराने लावलेली असेल तर पांढरी चार, म्हणजे तिचा गांधार, ट्यूनरवर सुमारे १४ सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली दिसणारच. तो दोष नाही, ते मुद्दाम केलेलं सुरेल काम आहे. अशी चांगली लावलेली पेटी लोकांनी ट्यूनर बघून कानसून बिघडवलेली मी पाहिली आहे, फार वाईट वाटतं.

काळीपाच
ट्यूनर कधी चुकत नाही.

गांधारप्रेमी
ट्यूनर बारा समान भागांत मोजतो. आपण तसं गातो का? तंबोऱ्यावर गांधार लावून बघा आणि मग बोला. शिवाय पांढरी सहासाठी ट्यूनर धरतो तो सेकंदाला ४४० कंपनांचा आकडाही अलीकडचा. फ्रान्समध्ये १८५९ साली ४३५ ठरवला होता. जुन्या पेटीत पट्टी थोडी खाली असणं म्हणजे गुन्हा नव्हे.

काळीपाच
इथे प्रश्न एका पट्टीचा आहे, सगळ्या पेटीचा नाही.

गांधारप्रेमी
मी तेच सांगतोय. ताई, दुसऱ्या सप्तकांतली पांढरी चारही तपासा. सगळीकडे सारखीच खाली असेल तर ती लावणी. एकाच सप्तकात, त्यातही एकाच संचात खाली असेल तर सूर आजारी आहे.

जुनालाकूड
गेल्या वर्षी एका कुटुंबाकडून पियानो घेतला. लावणाऱ्याने पहिल्याच दिवशी विचारलं, हा अख्खा अर्धा स्वर खाली का आहे? कारण ज्या फळीत खुंट्या ठोकलेल्या असतात तिलाच तडे. खुंट्या ताण धरेनात, म्हणून आधीच्या कोणीतरी सगळ्याच तारा सैल करून ठेवलेल्या. पियानोच्या सगळ्या तारांचा मिळून ताण कित्येक टन असतो, फळी गेली की संपलंच. कुटुंब मात्र खरंच अजाण होतं, आजी गेल्यापासून कोणी वाजवलाच नव्हता. आता तो पियानो खोली अडवून उभा आहे आणि तो हलवायलाच चार माणसं लागतात. तुम्हाला निदान पेटी उचलून परत नेता येईल, तेवढं नशीब समजा.

कानसपट्टी
बरीच वर्षं पेट्या दुरुस्त करतो. वरच्या चर्चेत गांधारप्रेमींची खूण अगदी बरोबर, ती आधी करा. मग पुढचं.

स्टॉप (संचाची हवा उघडबंद करणारे खुंटे) बंद करून एक एक संच वेगळा वाजवा, कपलर काढून. विकणारे नेहमी सगळं उघडं ठेवून वाजवतात. कपलर असला की मधली पट्टी दाबताच खालच्या सप्तकातली पट्टी ओढली जाते, त्यामुळे मुकी पट्टीसुद्धा बोलल्यासारखी वाटते. तुमच्या बाबतीत तेच झालं असणार.

काळी चार दाबल्यावर पांढरी सहा कण्हते, ही रीड बोर्ड (सूर बसवलेली फळी) तडकल्याची खूण. दोन्ही भोकं चिरेने जोडली गेली, आणि एकाची झडप उघडली की दुसऱ्याची हवा त्या चिरेतून निघून जाते. भाता आठ सेकंदांत बसतो त्याचं कारणही बहुधा तेच. चामडं बदलायच्या फंदात आत्ताच पडू नका.

झाकण आणि पट्ट्या उचलता आल्या तर त्या दोन भोकांच्या मध्ये बॅटरी मारून बघा. आणि पांढरी चारचा नर सूर काढून पितळी जिभेचं टोक भिंगाखाली बघा. टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. मुळाशी बारीक तडा असलेला सूर उतरतच जातो, आणि त्याच्या मागे लागून कोणी टोक घासत राहिलं असेल तर तिथे ताजे चकचकीत ओरखडे दिसतील. बाकीचे सूर काळवंडलेले आणि हा एकच चकचकीत, तर हात लागलाय हे नक्की. जीभ मात्र वाकवू नका.

कागदजपा
काही उघडण्याआधी आणि उघडताना फोटो काढा, व्हिडिओ अखंड ठेवा. दुरुस्ती आधी करून घेतलीत तर पुरावा गेलाच. आणि तो मेसेज जपून ठेवा, तुमच्या हातात खरी वस्तू तीच आहे.

खाजगी व्यवहारात "घेणाऱ्याने पारखून घ्यावं" हे जुनं तत्त्व बहुतेक ठिकाणी लागू असतं. दुकानदारावर असते तशी जबाबदारी घरगुती विकणाऱ्यावर सहसा नसते. तो गप्प राहिला असता तर तुमची बाजू लंगडी पडली असती. पण तुम्ही सरळ विचारलंत आणि त्याने सरळ खोटं सांगितलं, किंवा दोष मुद्दाम झाकला, तर गोष्ट वेगळी. झिजलेलं चामडं वयाचं असतं, बुजवलेली चीर माणसाची असते. तुमच्या कायद्याचे बारकावे जाणकाराला विचारा, पण पहिला मेसेज शांतपणे आणि तारखेसह लिहा. शिवी दिलीत की तोच मेसेज तो सगळ्यांना दाखवत फिरेल.

काळीपाच
मीही म्हणालो होतो की आतून बघा. सूर बदलाच.

फ्रेटबोर्ड
गिटारचंही हेच आहे. मान आणि डोकं जिथे जुळतात तिथली मोड डिंकाने जोडून रंग मारलेला असतो. मी नेहमी बॅटरी तिरकी मारून रंगाखालची रेघ शोधतो. एकदा अशी गिटार मी जागेवरच नाकारली आणि विकणारा माझ्यावर ओरडला. मला अजून त्याचा अभिमान वाटतो.

संथलय
तीन दिवसांपूर्वी रात्री उघडली. गांधारप्रेमी, खालच्या सप्तकातली पांढरी चार बरोबर आहे, वरचीही. फक्त मधल्या नर सुराची ३० सेंट खाली.

कानसपट्टी, तुम्ही लिहिलं तसंच दिसलं. त्या दोन भोकांच्या मध्ये करंगळीच्या नखाएवढी पिवळसर रेघ होती. टाचणीने टोकरली तर मेण निघालं, मऊ, बोटाला चिकटणारं. वरून तपकिरी पॉलिश फिरवलेलं, पण पॉलिशचा एक ओघळ भोकाच्या आत उतरून वाळलेला. सुराचं टोक सोन्यासारखं चमकतंय, शेजारचे सगळे काळपट. सगळे फोटो काढले.

त्यांना फोटो पाठवले. आधी म्हणाले, "मला काही माहीत नाही." मी त्यांचाच मेसेज पुन्हा पाठवला. दोन दिवसांनी फोन आला. मेण त्यांनीच भरलं होतं, सहा महिन्यांपूर्वी. म्हणाले, "सूर बदलला नाही हे तर खरंच आहे ना?" आता पेटी परत घेऊन पूर्ण पैसे द्यायला तयार आहेत.

तारेचा_कान
उद्याच द्या! मला असं कोणी म्हणालं असतं तर मी पळत गेलो असतो.

जुनालाकूड
परत द्या. पैसे हातात आल्याशिवाय पेटी सोडू नका.

कागदजपा
अशी संधी क्वचितच येते. परत द्या, आणि व्यवहार मिटला असं दोघांनी लिहून घ्या.

कानसपट्टी
मीही परत द्या असंच म्हणेन. चीर लाकडाची चिपटी बसवून बुजवता येते, सूर एक बदलता येतो, पण तडकलेला बोर्ड पुन्हा हलणार नाही याची खात्री मी स्वतःच्या कामाचीही देत नाही.

संथलय
सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. पेटी ठेवतेय.

मी त्यांना विचारलं, परत घेतल्यावर काय करणार? म्हणाले, "विकून टाकीन." म्हणजे ती चीर पुन्हा मेणाने बुजेल आणि पुढच्या घरात जाईल. तिथे एखादं शिकणारं मूल कण्हणाऱ्या सुराशी गळा मिळवत बसेल आणि आपलाच गळा बेसूर आहे असं समजेल. माझ्या मुलीने हा आठवडाभर तेच केलं. पांढरी चार आली की थबकायची आणि माझ्याकडे बघायची.

चिपटी आणि एक सूर एवढ्याचे पैसे त्यांनी परत दिले, लेखी. रक्कम माझ्या एक पंचमांशात बसली. काम दोन दिवसांचं आहे. दुरुस्ती करणाऱ्याला सांगितलंय, बाकीच्या सुरांना कानस लावायची नाही.

काळीपाच
चूक करताय. वर्षभरात सगळे सूर बदलावे लागतील, तेव्हा मला आठवाल.

गांधारप्रेमी
नवीन सूर बसवताना काळी एकच्या गांधाराचं तेवढं सांगा. १४ सेंट.

संथलय
गांधारप्रेमी, मुलगी काळी चारवर गाते. त्या हिशेबाने कोणती पट्टी?

गांधारप्रेमी
काळी चारचा गांधार वरच्या सप्तकातली पांढरी एक. मग पांढरी चार तिचा धैवत झाला, तिला या कारणासाठी हात लावू नका. आधी शिकवणाऱ्यांना विचारा, त्यांना समान लावणी हवी असेल तर तीच राहू द्या.