कुत्रा दुसऱ्या कुत्र्यांवर धावून जातो, फिरायला नेणंच बंद करायची वेळ आलीय

कुर्टीची_मुलगी
नमस्कार. आमचा बॉस्को अडीच वर्षांचा आहे, गावठीच. भाऊ त्याला जूनमध्ये मोरजीहून घेऊन आला, शॅक (किनाऱ्यावरची हंगामी हॉटेलं) काढून झाल्या होत्या आणि पिल्लं तशीच किनाऱ्यावर राहिली होती. तेव्हा साडेतीन-चार महिन्यांचा असेल. घरात इतका गरीब की आजी त्याच्या पाठीवर पाय टेकवून टीव्ही बघते. पण बाहेर दुसरा कुत्रा दिसला की हा वेगळाच होतो, अंगावरचे केस उभे, दोन पायांवर उभा राहून बेल्ट ओढतो आणि मला धरवत नाही. सकाळी आमची फिरायची वेळ आणि पोदेराची, म्हणजे सायकलवरच्या पाववाल्याची वेळ एकच, त्याचा हॉर्न वाजला की वाड्यावरची सगळी कुत्री सायकलच्या मागे पाव मिळेल म्हणून जमतात आणि आम्ही नेमके तिथेच.
गेल्या रविवारी बेल्ट हातातून सुटला आणि त्याने शेजारच्यांच्या पॉमचा (पॉमेरेनियन कुत्र्याचा) कान धरला, मी मध्ये हात घातला तर माझ्या मनगटाला दात लागला, कोणाचा ते अजून कळलं नाही. नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुतलं आणि इंजेक्शनं सुरू केलीत. पॉम बरा आहे पण शेजारची काकू बोलत नाही आणि तिचं चुकतंय असं मी म्हणणार नाही.
एक ट्रेनर लावला होता, त्याने गळ्यात आवळणारी साखळी घालून झटके द्यायला शिकवलं, तुम्ही अल्फा, म्हणजे कळपाचा म्होरक्या बना म्हणाला. दोन महिन्यांत बॉस्को आणखी वाईट झाला, आता लांबूनच भुंकायला लागतो. बाबा म्हणतात कुळागरात (पोफळीच्या बागेत) नेऊन बांध. मला ते करायचं नाहीये. कोणी यातून गेलंय का?

म्हापश्याचा_दादा
ताई, आधी हाताची काळजी घे, इंजेक्शनाची एकही तारीख चुकवू नको. २०२१ मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज नियंत्रित राज्य जाहीर झालं म्हणून लोक निर्धास्त राहतात पण तसं राहून चालत नाही. दोन्ही कुत्र्यांच्या लसीचे कागद पण डॉक्टरला दाखव, बूस्टर लागेल का विचार.
आणि बॉस्कोला एकदा नीट तपासून घे. आमच्या लॅब्राडोरला पावसाळ्यात कानात इन्फेक्शन झालं होतं, आम्हाला पत्ताच नाही, दुसरं कुत्रं जवळ आलं की तो गुरगुरायचा आणि आम्ही त्याला रागीट समजून ओरडत होतो. कान बरा झाला आणि अर्धी तक्रार गेली. गोचीड ताप, कंबर, दात, सगळं बघायला सांग. दुखत असेल तर ट्रेनिंगचा उपयोग नाही.

शिरोडकार_७
मी म्हणतो एकदा मोकळ्या जागेत सोडून बघा, आपापसात ठरवतात ती. आमच्याकडे लहानपणी सगळी कुत्री सुटीच असायची.

पर्वरीची_सुणेंवाली
शिरोडकार बाब, कृपा करून असं सांगू नका. गावातली सुटी कुत्री लहानपणापासून एकमेकांत वाढतात, कुठून वळायचं, कुठे थांबायचं त्यांना कळतं. हा तीन महिन्यांनंतर चार भिंतींत आला. पिल्लू साधारण तीन ते चौदा आठवड्यांचं असताना जग ओळखतं, त्या दिवसांत त्याच्याबरोबर काय झालं आपल्याला माहीत नाही, किनाऱ्यावर मोठ्या कुत्र्यांनी फाडायला धरलं असेल. त्याला सोडलं तर एकाचा जीव जाईल.
कुर्टीची, मी गेली नऊ वर्षं घरी अशी कुत्री सांभाळते. तू लिहिलंयस त्यावरून मला हा राग वाटत नाही, भीती वाटते. तो आधीच भुंकतो म्हणजे सांगतोय की लांब राहा. साखळीने तेच सांगणं महाग केलं, कुत्रा दिसला की गळा आवळतो एवढंच त्याच्या डोक्यात बसलं. आणि अल्फाचं म्हणशील तर डेव्हिड मीच नावाचे लांडग्यांचे अभ्यासक, त्यांच्या १९७० च्या लिखाणामुळे हा शब्द पसरला, त्यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की रानात कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्लं, तिथे कोणी मारामारी करून वर चढत नाही. साखळी आजच काढ. छातीवरून जाणारा चांगला हार्नेस घे, बेल्ट दोन-अडीच मीटरचा आणि कापडी, ते आपोआप लांब होणारे बेल्ट अजिबात नको.
आता मुख्य गोष्ट, अंतर. विजेचे खांब मोज. बॉस्को किती खांबांवर कुत्रं बघूनही तुझ्या हातातून खाऊ खातो? तेवढं त्याचं सुरक्षित अंतर. तिथून पुढे जायचं नाही. त्याला कुत्रं दिसलं की लगेच उकडलेल्या कोंबडीचा तुकडा, कुत्रं नजरेआड झालं की खाऊ बंद. कुत्रं आलं म्हणजे चांगलं काहीतरी येतं हे त्याच्या डोक्यात बसायला हवं. खाऊ आधी दाखवून लाच द्यायची नाही, आधी कुत्रं मग तुकडा, हा क्रम उलटा झाला तर काम बिघडतं. मीठ लावलेलं खारें (सुकी मासळी) देऊ नको.
तोंडाकडे बघ. तोंड मिटलं, कान पुढे, अंगाचा भार पुढच्या पायांवर आला, की दोन सेकंदांत तो उडणार. त्याआधीच "चल" म्हणून गोल वळायचं आणि निघून जायचं. हे वळणं घरात, अंगणात, कुत्रं नसताना शंभर वेळा कर, म्हणजे वेळेवर पाय आपोआप वळतात.
आणि पोदेराच्या वेळी जाऊ नको गं. आमच्याकडे तो सहाला येतो, मी साडेपाचला नेते आणि वाड्यावरची कुत्री कुठे झोपतात ते मला पाठ आहे, तुझ्याकडची पण तू पाठ कर. कानाला खाच असलेली म्हणजे नसबंदी करून त्याच जागी परत सोडलेली असतात, ती आपली हद्द सहसा सोडत नाहीत. वाईट भेट झाली तर दुसऱ्या दिवशी फिरणं गाळ, घरातच पोत्यात खाऊ लपवून नाक लावायला दे. एक दिवस नेलं नाही तर काही बिघडत नाही.

डिचोलीचो_निल
वरचं सगळं बरोबर. एक भर घालतो, बास्केट मझल, म्हणजे तोंडावर घालायची जाळी. लोकांना वाटतं कुत्र्याला शिक्षा आहे पण त्यात त्याला धापता येतं, पाणी पिता येतं, खाऊ पण देता येतो. कापडाची घट्ट पट्टी नको, ती गोव्याच्या उकाड्यात धोक्याची. आधी आठवडाभर मझलच्या आत खाऊ ठेवून त्यानेच तोंड घालायला शिकव, एकदम बांधायची नाही. शेजारच्या काकूला पण दिसेल की तुम्ही काहीतरी करताय.
नसबंदीचं ऑपरेशन केलंत का? माझा अनुभव, नर माद्यांमागे भटकतो, दुसऱ्या नराशी भांडतो ते कमी होतं, पण भित्र्या कुत्र्याला त्याने धीर येत नाही, कधी कधी उलट होतं. डॉक्टरशी बोलूनच ठरव.
आणि पुन्हा कधी जुंपली तर हात गळ्याकडे न्यायचा नाही! दोघं माणसं असतील तर दोन्ही कुत्र्यांचे मागचे पाय धरून हातगाडीसारखं उचलून मागे ओढायचं. एकटी असशील तर बादलीभर पाणी टाक.

कुर्टीची_मुलगी
तीन आठवडे झाले म्हणून लिहिते. डॉक्टरने रक्त तपासलं, गोचीड ताप निघाला, औषध सुरू आहे, आता तो जिन्यावर चढताना थांबत नाही, आणि हे आम्हाला कधी दिसलंच नव्हतं याचं फार वाईट वाटलं. मझल मीच चार दिवस नाकासमोर धरून बसले होते, पाचव्या दिवशी त्याने स्वतः तोंड घातलं.
खांब मोजले, आमचे तीन निघाले. आता साडेपाचला निघतो, अंधारात. काल देवळाकडच्या वळणावर एक तांबडं कुत्रं झोपेतून उठून आळस देत उभं राहिलं, बॉस्कोचे कान पुढे गेले, माझा हात खिशात होता पण मी हलले नाही. त्याने त्या कुत्र्याकडे बघितलं आणि मग मान वळवून माझ्याकडे बघितलं, स्वतःहून. मी तिथेच खाली बसले आणि खिशातलं सगळं चिकन त्याच्यासमोर ओतलं.
पर्वरीची, आता अडीच खांबांवर जाऊ का अजून थांबू?

पर्वरीची_सुणेंवाली
अजून दोन आठवडे तीनच. आणि काकूला जाऊन पॉमचा कान कसा आहे ते विचार, उद्याच.