हब 'खोलला' की 'उघडला'? आणि परत काय केला?

गोदाकाठी
आजोबांची रॅले सायकल चालती करतोय. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब (चाकाचा मधला गाभा) आहे, वर 'एडब्ल्यू ५६' ठोकलेलं, म्हणजे १९५६चा. खोलला, रॉकेलमध्ये धुतला, आता परत बसवतोय. भाच्याला पुढे उपयोग होईल म्हणून टिपण लिहिलं, तर ताईने (मराठी शिकवते) पहिल्याच ओळीवर लाल पेन चालवलं. "'खोलला' हिंदी आहे, 'उघडला' लिही." हब काय लोणच्याची बरणी आहे का उघडायला? आणि खोलण्याच्या उलट काय लिहू? 'पुनर्जोडणी' लिहिलं तर भाचा तिथेच उठून जाईल.

पाणिनीचा_पुतण्या
ताईंचं बरोबर आहे. मराठीत खोल असते ती विहीर. 'सुटा करणे' आणि 'जुळवणे' हे दोन शब्द घरात असताना शेजाऱ्याकडे कशाला जायचं?

सातपूरकर
सुटे पैसे करतात हो. जन्म एमआयडीसीत गेला माझा. मशीन खोलतात आणि मशीन बांधतात. रिक्षावाल्याला विचारा, 'इंजिन बांधायला टाकलंय' म्हणेल. उघडलं म्हणजे झाकण काढून आत डोकावलं. खोललं म्हणजे शेवटचा छर्रा ताटात आला. ही दोन वेगळी कामं आहेत, पगारही वेगळा.

गोदाकाठी
ताटातच आहेत सगळे! जेवणाचं स्टीलचं ताट, त्यात जुनं धोतर अंथरून काढलेल्या क्रमाने मांडलंय. आई बोलत नाहीये.

म्हसरूळची_सून
मला वाटतं 'खोलणे' आपल्या 'खोल'वरूनच आलं असणार. खोलात शिरणे, तसं खोलणे.

पाणिनीचा_पुतण्या
वहिनी, कानाला गोड लागलं की व्युत्पत्ती होत नाही.

तांबटआळी
ते राहू द्या. टिपणात 'पॉल'ला, म्हणजे दात्यात अडकणाऱ्या त्या छोट्या अडसराला, काय लिहिलंय?

गोदाकाठी
'खिटी'. हबात अशा चार आहेत, दोन ग्रहचक्रांच्या पिंजऱ्यात आणि दोन बाहेरच्या दातेरी कड्यात. प्रत्येकीमागे केसाएवढी स्प्रिंग. एक उडाली ती तुळशीवृंदावनात सापडली.

तांबटआळी
खिटी बंदुकीची. सायकलच्या दुकानात त्याला कुत्रा म्हणतात. 'फ्रीव्हीलचे कुत्रे गेले' असंच ऐकत आलोय. एका दिशेने जाऊ देतो, उलट फिरलात की दात धरतो. आमच्या आळीतला खंड्या अगदी तस्साच.

ओझरवाला
इंग्रजीतही 'डॉग क्लच' आहे, तेव्हा हा कुत्रा साहेबाकडून आला असावा. ओझरच्या विमान कारखान्यात मिग विमानं अगदी कण्यापर्यंत खोलायचो आम्ही, कागदावर 'ओव्हरहॉल' आणि तोंडी 'खोल-बांध'.

पाणिनीचा_पुतण्या
म्हणजे कुत्रा इंग्रजी, खोलणे हिंदी, मराठीने फक्त वंगण घालायचं? हबला 'तुंबा' म्हणा ना! बैलगाडीच्या चाकाला तुंबा, आरे, धाव सगळं होतं. आजोबांना कळलं असतं.

सातपूरकर
आजोबांना कळलं असतं, भाच्याला तुंबलेली मोरी आठवेल. आणि आरे? दुकानात 'तारा' म्हणतात. तारा आवळून आऊट काढतात.

म्हसरूळची_सून
'आऊट काढणे' म्हणजे वाकडं चाक सरळ करणे! यापेक्षा मराठी काय असतं?

पाणिनीचा_पुतण्या
आऊट!

ओझरवाला
गोदाकाठी, शब्दांवरून आठवलं. उजवी बॉल रिंग (छर्रे बसतात ते आट्यांचं कडं) काढण्याआधी खूण केली होती ना? तिचे आटे दोन जागांहून सुरू होतात. चुकीच्या जागेवरून लावली तर रिम मधोमध येत नाही, मग काढत बसा आऊट. शिवाय उजवा कोन (छर्ऱ्यांना टेकणारा शंकूसारखा नट) हाताने घट्ट करून अर्धा फेरा मागे घ्यायचा, बाकी सगळं ढिलं-घट्ट डावीकडून जमवायचं.

गोदाकाठी
खूण केली होती, काका. खडूने. रॉकेलमध्ये धुतली गेली.

तांबटआळी
😂 पण सूर्य-ग्रह मात्र आवडले. सूर्य म्हणजे मधलं चक्र २० दात्यांचं, आसाला पक्कं, फिरतच नाही. भोवती २०-२० दात्यांचे चार ग्रह, बाहेर ६० दात्यांचं कडं. त्यातून पहिल्या गिअरला हब साखळीच्या चक्राच्या बरोब्बर पाऊणपट फिरतो. 'पाऊणपट'ला इंग्रजीत एक शब्द आहे का सांगा.

पाणिनीचा_पुतण्या
हे मान्य. पाऊणकीला तोड नाही. पण 'बांधणे' मान्य नाही. बांधतात गाय, घर, फेटा.

सातपूरकर
आणि हब. यादीत घाला.

गोदाकाठी
रात्री उशिरा: बांधला. (ताई झोपलीय.) पॅडल मारलं की दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला टिकटिक येते, पहिल्याला अगदी चिडीचूप. काही चुकलंय का?

ओझरवाला
काही चुकलं नाही. पहिल्याला पिंजऱ्यातले कुत्रे हब ओढतात म्हणून गप्प असतात. वरच्या दोन गिअरना हब त्यांच्या पुढे पळतो, म्हणून टिकटिक.

तांबटआळी
खिट्या असत्या तर भुंकल्या असत्या का?

पाणिनीचा_पुतण्या
टिकटिक हा ध्वन्यनुकारी शब्द आहे, भुंकणे नव्हे. आणि रिमचं काय झालं? मध्यावर आली का?