जोधपूरला घोडी आहे, मार्च-एप्रिलच्या रपेटीत काय काय सांभाळायचं?

खारघरची_आई:
नमस्कार मंडळी, आम्ही खारघरचे, पण अहोंची बदली जोधपूरला झालीये आणि लेकीसाठी तिथेच मारवाडी घोडी घेतलीये. परीक्षा संपली की रोज रपेट सुरू. इकडे शिकताना सर म्हणायचे घोडा घामाने निथळला की थांबायचं, पण ही दौडून आली तरी कोरडीच दिसते, अंगावर फक्त पांढरी पुटं. ती दमत नाहीये का? काळजी वाटते.

पागेवाला_ठाणे:
ताई दमते, आणि घामही भरपूर येतो, फक्त तिकडच्या कोरड्या हवेत तो दिसायच्या आत उडून जातो. पुटं म्हणजे घामातलं मीठ. आपल्या दमट हवेतला हिशोब तिथे लावूच नका. नाडी मोजायला शिका, घोडी शांत उभी असताना मिनिटाला २८ ते ४४ असते, रपेटीनंतर चालवून थंड केल्यावर पटापट उतरायला हवी. हिरडी बोटाने दाबून सोडली की २ सेकंदांत परत गुलाबी झाली पाहिजे, नाहीतर त्या दिवशी खोगीर नाहीच. घोड्याच्या घामात मीठ इतकं जातं की अंगातलं पाणी कमी झालं तरी त्याला तहान लागत नाही, म्हणून चंदीत, म्हणजे दाण्याच्या खुराकात, रोज मीठ घाला आणि सैंधवाचा खडा टांगून ठेवा. पाणी कायम समोर हवं, उन्हाळ्यात दिवसाला ५० लिटर सहज लागतं.

मेघना_ऐरोली:
वाळू विसरू नका!! चारा जमिनीवर टाकला की वाळू पोटात जाते, साठते आणि पोटशूळ उठतो, हे जिवावर बेतू शकतं. चारा गव्हाणीत, खाली रबरी चटई. पारदर्शक बाटलीत थोडी लीद आणि पाणी घालून हलवा, तळाशी वाळू बसली तर डॉक्टरांना दाखवा, ते बहुतेक इसबगोल सुचवतील, पण डोस त्यांनाच विचारा.

नेरुळ_रायडर:
गरम घोड्यावर गार पाणी ओतायचं नाही ना? आमच्याकडे तर असंच सांगतात.

पागेवाला_ठाणे:
तसं काही नाही, तापलेला असेल तर सरळ ओता, ओतत राहा, आणि प्यायलाही द्या. बाकी रपेट उजाडताना उरकायची, दुपारी सावली. आणि नवा घोडा असेल तर २-३ आठवडे हळूहळू वाढवा.

खारघरची_आई:
गव्हाण आजच सांगते करायला. केस खूप गळतायत, खरारा दिवसातून दोनदा चालेल का?

मेघना_ऐरोली:
चालेल, थंडीचे केस आहेत ते, जितके लवकर निघतील तितकं तिला बरं. खूर पण बघा, कोरडेपणाने भेगा पडतात, नालबंद महिना-दीड महिन्याने यायलाच हवा.