मांजरही पाठीशी उभं राहतं

कुत्रा माणसाला धरून असतो आणि मांजर फक्त घराला, असं बरेच जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. २०१४ साली अमेरिकेतल्या बेकर्सफील्डमध्ये घराबाहेर सायकलवर बसलेल्या लहान मुलाचा पाय शेजारच्या कुत्र्याने धरला आणि त्याला खाली ओढलं. तेवढ्यात घरची टारा नावाची मांजर सुसाट येऊन थेट कुत्र्याच्या अंगावर आदळली. कुत्रा पळाला, तर तिने थोडं अंतर पाठलागही केला आणि मग मुलाकडे परत आली! सगळं घराच्या कॅमेऱ्यात टिपलं गेलंय.

कुत्र्यांबद्दल वेगळं सांगायला नकोच. जपानचा हाचिको हा कुत्रा मालक १९२५ मध्ये गेल्यावरही १९३५ पर्यंत शिबुया स्टेशनवर वाट पाहत राहिला.

आमची कुत्री एरवी सगळ्यांच्या पायात घोटाळते. पण आईला ताप आला की खोलीच्या उंबऱ्यावर आडवी पडते, खायलाही उठत नाही. परकं कुणी आलं तर आधी कान मागे, मग घशातल्या घशात गुरगुर.

एक कळकळीने सांगते, अशा वेळी गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारू नका. ती गुरगुर म्हणजे इशारा असतो. तो दाबला की पुढच्या वेळी कुत्रा न सांगता चावू शकतो. पाहुण्याला थोडं लांब थांबवा, कुत्र्याला शांतपणे बाजूला न्या आणि वास घ्यायला वेळ द्या.